केन्याच्या पानाशेजारचा अंगठा

आमच्या ग्रुपचे नियम पाच. एक, सुप्रभात म्हणायचं नाही. दोन, गुलाब, जास्वंद आणि घरची तुळस टाकायची नाही, ती सगळ्यांना ओळखता येते. तीन, ‘माझ्या फोनने असं सांगितलं’ हा पुरावा धरला जाणार नाही. चार, पानाचा फोटो पुढून, मागून, खोडाचा वेगळा, फुलाचा वेगळा. आणि पाच, झाडाशेजारी मापासाठी काहीतरी ठेवलेलं हवं. पहिल्या चार नियमांनी माझं काही बिघडवलं नाही. पाचव्याने मात्र घरात आग लावली.

ग्रुप म्हणजे फोनवरचाच. रानटी झाडं फोटोवरून ओळखायची. मिरा-भाईंदरमधली पन्नास-साठ माणसं, बहुतेक निवृत्त, आणि सगळ्यांच्या गुडघ्यांची एकमेकांना माहिती असलेली. ग्रुप चालवतात ते सर पूर्वी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आता ते आम्हाला शिकवतात, आणि तेही व्हॉइस मेसेज पाठवून. सरांचा मेसेज सुरू केला की कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत संपत नाही.

हसू नका, पण लोक मनापासून करतात हे. एकाने घरात बसून टीव्हीशेजारच्या कुंडीचा फोटो टाकला होता. त्यावर दोन दिवस चर्चा झाली, तीन जणांनी तीन शास्त्रीय नावं सुचवली, आणि शेवटी त्याच्या बायकोने त्याच्याच फोनवरून कळवलं की ते प्लास्टिकचं आहे, दर दिवाळीला साबणाने धुते. सर म्हणाले, तरी पानांची मांडणी अभ्यासण्यासारखी आहे.

मी शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि या नादाला लागले. गोडदेवला आमच्या बिल्डिंगमागे गटाराची एक पट्टी आहे. तिथे काय काय उगवतं हे मला तीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं, कारण मी तिथून नाक दाबून जायचे. आता नाक दाबून वाकायला लागले. मग गटार पुरेना. मग रविवारी उत्तन, त्याच्याजवळचं चौक गाव, कधी काशीमीऱ्याच्या मागचा डोंगर. एकटी किती फिरणार? नवराही निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. वर्षभर तो खुर्चीत बसून पंख्याकडे बघत होता. पंखा चालू असताना बघितला तर एक वेळ समजू शकते. मी त्याला पिशवी धरायला म्हणून बाहेर काढला.

आता पाचवा नियम. मी मापासाठी पेन ठेवायचे, ते घरंगळायचं. काडेपेटी ठेवली, ती वाऱ्याने उडाली. नाणं ठेवलं, ते चौकच्या खाडीकाठी चिखलात गेलं आणि ते शोधताना माझी चप्पलही गेली. त्या दिवशी नवरा वैतागला. “आटप ना! काय तासभर चाललंय,” असं म्हणत तो खाली बसला आणि त्याने झाडाशेजारी सरळ उजव्या हाताचा अंगठा धरला. “हं, हे घे माप. काढ फोटो.”

मी फोटो काढला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि तो अंगठा मी उजेडात इतका नीट पहिल्यांदा बघत होते.

सांगायला हवं. नवऱ्याचा उजवा अंगठा जन्मापासून आखूड आणि पसरट आहे. वरचं पेर असं, की जणू कोणीतरी लाडूसारखं वळायला घेतलं आणि मध्येच पाटावर आपटलं. नख उंचीला कमी आणि रुंदीला दुप्पट. दुखत नाही, खुपत नाही, कामाला कमी नाही. पण शाळेत पोरांनी त्याला बेडूक म्हटलं, ते त्याच्या मनात बसलं ते बसलंच. पेन तो पहिल्या दोन बोटांत धरतो. देवळात तीर्थ घेताना उजव्या हाताखाली डावा धरतात ना, तो वर धरतो. दुकानदाराला डाव्या हाताने पैसे देतो आणि ऐकून घेतो. आमच्या लग्नाच्या फोटोंत तो सगळीकडे मूठ आवळून उभा आहे. माझी आई घाबरून म्हणाली होती, “जावई तापट दिसतो गं.” आधार कार्डाच्या वेळी मशीनवाल्या मुलीने, “अंकल, अंगूठा पूरा रखो ना,” म्हटलं. हा म्हणाला, “पूरा ही है, बेटा.” घरी येऊन जेवला नाही.

असा माणूस. आणि चिडण्याच्या भरात त्याने तो अंगठा आपण होऊन बाहेर काढला होता. मी काही बोलले नाही. एरवी मला गप्प बसणं जमत नाही, भाजीवाल्यापासून बिल्डिंगच्या सेक्रेटरीपर्यंत कोणालाही विचारा. पण त्या दिवशी तोंड शिवून घेतलं. मला वाटलं, आपण काही बोललो तर गोगलगायीसारखा आत जाईल.

नाही गेला. पुढच्या रविवारी मी पेन काढलं तर म्हणाला, “ते राहू दे. माप आहे ना माझ्याकडे.” त्यानंतर तर त्याला चढलीच. रविवारी सकाळी निघण्याआधी तो अंगठ्याचं नख कापायचा, घासायचा, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचा. मला नवीन साडीला लागतो त्याहून जास्त वेळ. “फोटोत यायचंय,” म्हणायचा. टाकळ्याशेजारी अंगठा, आघाड्याशेजारी अंगठा, कुर्डूच्या तुऱ्याशेजारी अंगठा. एकदा मी गंमत म्हणून तसलाच एक फोटो फोनमधल्या त्या झाडं ओळखणाऱ्या सोयीला दाखवला. तिने झाड सोडलं, अंगठ्याभोवती गोल काढला आणि उत्तर दिलं, आलं. मी फोन लपवायला गेले, पण त्याने पाहिलं होतं. तो दोन क्षण फोनकडे बघत राहिला आणि म्हणाला, “नशीब माझं, सुंठ नाही म्हणाला.” आणि हसला. अंगठ्यावरून हसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. मला त्या वेड्या फोनचा मुका घ्यावासा वाटला.

असं दीड वर्ष गेलं. ग्रुपवर माझी सत्तरएक झाडं पक्की झाली होती. सर पक्क्या झाडांची यादी ठेवतात, त्यात माझं नाव वरच्या लोकांत होतं. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मग श्रावणात केना आला.

केना म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. जमिनीलगत पसरतो, दोन निळ्या पाकळ्यांचं फूल येतं, दुपारपर्यंत मिटून जातं. भाजी होते, भजी होतात. चौकला मासळी वाळवायच्या मांडवामागे मला तो दिसला, आणि नेहमीच्या केन्यापेक्षा तरतरीत वाटला. नवऱ्याने अंगठा धरला, मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि कणीक मळायला गेले.

संध्याकाळपर्यंत ग्रुपचे दोन तुकडे झाले होते.

सरांनी मोजलं होतं लांबीने. अंगठ्याचं पेर म्हणजे इंच, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलेलं माप. फोटोत पान तीन पेरं लांब, म्हणजे तीन इंच. “हा साधा केना नाही,” सर म्हणाले, “हा केन्याचा कोणीतरी थोरला भाऊ आहे.” मिरा रोडच्या एक बाई आहेत ग्रुपवर. पूर्वी औषधांच्या दुकानात होत्या, त्यामुळे बारीक अक्षर आणि बारीक भांडण दोन्ही त्यांना जमतं. त्यांनी मोजलं रुंदीने. पुरुषाच्या अंगठ्याचं नख साधारण अर्धा इंच रुंद. फोटोत पान नखाएवढंच रुंद, म्हणजे पान अर्धा इंच. “हा थोरला कसला,” बाई म्हणाल्या, “हा धाकटा.” मग सगळे फोनवर फूटपट्ट्या लावून बसले. काही लांबीवाले झाले, काही रुंदीवाले. प्लास्टिकच्या कुंडीवाला दोन्हीकडून बोलत होता.

दोन दिवसांनी सरांनी दोन्ही मापं एकत्र मांडली. पान तीन इंच लांब आणि अर्धा इंच रुंद, म्हणजे लांबी रुंदीच्या सहापट हवी. फोटोत मात्र पान लांबीला रुंदीच्या दुप्पटच दिसतंय. हिशेब जुळत नाही. आणि हिशेब जुळत नाही म्हटल्यावर सरांनी व्हॉइस मेसेज पाठवला.

मी स्वयंपाकघरात होते, हात पिठात. कोपराने बटण दाबलं, मेसेज सुरू झाला, मोठ्याने. नवरा बाहेर पेपर वाचत होता. सर म्हणत होते, “मला वाईट वाटतं, पण बोलणं भाग आहे. असा अंगठा माणसाला असत नाही. वरून दाबल्यासारखा, पसरलेला. हे निसर्गात शक्य नाही. याचा अर्थ एकच, फोटो आडवा ताणलेला आहे. ताईंनी झाड वेगळं दिसावं म्हणून फोटोशी खेळ केलाय. आणि मागे जाऊन पाहिलं तर प्रत्येक फोटोत तसाच अंगठा आहे, म्हणजे हे दीड वर्ष चाललंय. ताईंची सगळी झाडं मी तूर्त यादीतून काढतोय.”

मी बंद करायला धावले. पिठाच्या बोटांना फोन दाद देईना. मी घासतेय, तो ऐकत नाही. सर ‘निसर्गात शक्य नाही’ हे पुन्हा एकदा समजावून सांगत होते. शेवटी मी फोन डब्यात, पिठात, पालथा खुपसला. तिथूनही आवाज येत होता.

बाहेर आले तर नवरा पेपर वाचत होता. पेपर उलटा नव्हता, तसलं काही नाही, नीट सरळ होता. पण उजवा हात लेंग्याच्या खिशात होता.

मला सरांचा असा राग आला की बोलायची सोय नाही. खोटारडी? मी? ज्या बाईने शाळेत तेहतीस वर्षं मुख्याध्यापकांनासुद्धा खोटा दाखला दिला नाही, ती? एका ओळीत सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. ‘अंगठा खराच तसा आहे, माझ्या नवऱ्याचा आहे, या आणि बघून जा.’ मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. त्यासाठी माझ्या माणसाचा अंगठा पन्नास-साठ लोकांपुढे मांडावा लागला असता, आणि त्यांनी फूटपट्ट्या तयारच ठेवल्या होत्या. माझा खरेपणा एका पारड्यात आणि त्याची लाज दुसऱ्यात. मी गप्प बसले. गप्प बसल्यावर लोक धरून चालले की चोर सापडला.

मिरा रोडच्या बाईंनी मला वेगळा मेसेज केला, “चुका सगळ्यांकडून होतात, ताई. कबूल करा आणि मोकळ्या व्हा.” त्याला मी उत्तरच दिलं नाही. काय दिलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी सरांनी फर्मान काढलं की रविवारी सगळ्यांनी चौकला जमायचं आणि केना जागेवर बघायचा. सकाळी लवकर, फुलं मिटायच्या आत. मी शनिवारी नातवाच्या दप्तरातून सहा इंची पट्टी काढून पर्समध्ये टाकली. नवऱ्याला म्हटलं, “तुम्ही घरी थांबा. उन्हाचं कशाला?” आभाळ गच्च भरलेलं होतं. तो म्हणाला, “येतो की. पिशवी कोण धरणार?” आणि बसमध्ये शेजारी येऊन बसला, उजवा हात खिशात. रविवार असून त्या सकाळी त्याने नख घासलं नव्हतं. मी पाहिलं होतं.

चौकला पंधरा-वीस जण आले होते, टोप्या घालून, जणू मोहिमेवर. मासळीच्या मांडवापाशी एक कोळीण बाई टोपली घेऊन बसली होती. आम्ही सगळे एका केन्याभोवती गोल करून वाकलो, तशी ती उठून आली. “काय हरवलाय काय तुमचा?” तिने विचारलं. मी म्हटलं, “नाही हो, झाड बघतोय.” “झाड?” ती म्हणाली. “ह्यो तर केना हाय.” सर तिला म्हणाले, “तोच तर प्रश्न आहे, बाई.” ती म्हणाली, “प्रश्न न्हाय हो. केनाच हाय.” आणि टोपलीपाशी गेली. निर्णय खरं म्हणजे तिथेच लागला होता, पण ती ग्रुपवर नसल्यामुळे तो धरला गेला नाही.

मी पट्टी काढून पानाशेजारी ठेवली. पान दोन इंच लांब, एक इंच रुंद. साधा, रोजचा, भजीचा केना.

“आज पट्टी आहे,” सर म्हणाले. “मग त्या दिवशी का नव्हती? आणि फोटोत मापं चुकीची कशी आली?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मिरा रोडच्या बाईंनी अशी मान हलवली, जणू मी आता रडून कबूल करणार आणि त्या मला पाणी देणार. मी म्हटलं, “मला काही सांगायचं नाही.” माझा आवाज चिरकला. मला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात बाजूला कट् असा आवाज झाला. तो नवऱ्याचा डावा गुडघा होता. तो खाली बसत होता. बसला, हात खिशातून काढला आणि पानाशेजारी, पट्टीला लागून, अंगठा ठेवला.

मिरा रोडच्या बाईंनी पर्समधून चष्मा काढला, घातला, वाकल्या, आणि पुन्हा सरळ झाल्या. सरांनी फोनमधला फोटो काढून अंगठ्याशेजारी धरला. फोटो, अंगठा. अंगठा, फोटो. असं त्यांनी चार वेळा तरी केलं. मग अगदी हळू, वर्गात एखाद्या मुलाला विचारावं तसं, विचारलं, “मोजू का?”

“मोजा,” नवरा म्हणाला. “त्यासाठीच आलोय.”

सरांनी मोजलं. पेर पाऊण इंचालाही कमी, नख इंचाला सुताएवढंच कमी. वहीत लिहून घेतलं, तारखेसकट. मग चेहऱ्यावर मोठा प्रकाश पडला. “म्हणजे,” ते मिरा रोडच्या बाईंकडे वळून म्हणाले, “आपलं दोघांचंही मोजणं बरोबर होतं!” दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. माझी कोणी माफी मागावी हे सुचायला त्यांना आणखी पाच मिनिटं लागली. सरांनी मग हात जोडून मागितली, आणि ग्रुपसाठी नवा नियम जागेवरच जाहीर केला. यापुढे अंगठा वापरणाऱ्याने आधी अंगठ्याचं माप कळवावं. सोमवारी सकाळी ग्रुपवर एकही झाड नव्हतं. अठ्ठेचाळीस अंगठे होते. त्यात कोणाचा वाकडा, कोणाचा भाजलेला, एकाच्या नखाखाली दाराचा व्रण. कुंडीवाल्याने पायाचा पाठवला.

पण ते नंतर. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये खिडकीशी मी बसले होते आणि मला राग येत होता. सर संपले होते, बाई संपल्या होत्या, आता उरला होता तो शेजारचा माणूस. मी त्याच्यावरच ओरडले.

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला मध्ये पडायला? मी बघून घेतलं असतं ना!”

“काय बघून घेतलं असतंस? तू तर बोलतच नव्हतीस.”

“मग काय सांगायचं होतं मी त्यांना?”

“तेच म्हणतोय,” तो म्हणाला. “एका ओळीत सुटली असतीस. आठवडाभर वाट बघत होतो, आज सांगेल, उद्या सांगेल. नाही सांगितलंस.”

पुढच्या सीटवरची बाई आमचं भांडण नीट ऐकू यावं म्हणून मागे टेकली होती. मी आवाज हळू करून विचारलं, “लाज नाही वाटली तुम्हाला? एवढ्या लोकांपुढे?”

“वाटली की. वाटणार नाही? अजून कान गरम आहेत, बघ.” त्याने बाहेर बघितलं, मग माझ्याकडे. “पण माझ्या अंगठ्यापायी तुला खोटारडी म्हणत होते ते.”

पुढची बाई बघत होती तरी मी हात वर करून त्याच्या कानाला लावला. खरंच गरम होता.